खो मिळाल्याशिवाय

पाटकर सरांबद्दल वाईट बोलणारं माणूस आमच्या सेक्टरमध्ये शोधून सापडणार नाही. त्यामुळे हे लिहिताना माझा हात अडखळतोय. मला नीट सांगता येईल की नाही, तेही माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, हिला लिहिता येतं.

मंडळाची मुलं घरी आली तीही म्हणूनच. सर कंपनीतून निवृत्त झाले होते आणि नेरूळची खोली विकून चिपळूणकडे गावाला कायमचे जाणार होते. त्यांचा सत्कार ठरला होता. "नंदा, सरांवर एक पान लिहून दे. स्टेजवरून वाचू. चांगलं लिही हां, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे पब्लिकच्या." मी हो म्हटलं. जाता जाता त्यांतला एक म्हणाला, "आणि शाल-नारळ मंगलताईच्या हातून द्यायचं ठरलंय. सरांच्या टीमची पहिली कॅप्टन ना ती!"

मंगलताई म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. ती मोरीत भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. ते कसं झालं, हे सांगितल्याशिवाय सरांबद्दल सांगून होणार नाही.

मंडळाला दिलेल्या पानात मी लिहिलं ते सगळं खरं होतं. जे त्यात लिहिलं नाही, ते इथे लिहिते.

सर खरं तर शिक्षक नव्हते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. गळ्यात शिट्टी असायची म्हणून सगळे 'सर' म्हणायचे. काळ्या दोऱ्यात शिट्टी आणि त्याच दोऱ्यात घराची किल्ली. पांढरे कॅनव्हासचे बूट ते रोज खडूने पांढरे करायचे, अगदी पावसाळ्यातसुद्धा. खिशात बडीशेपेची पुडी. कुणी चांगलं पळालं की चिमूटभर बडीशेप तळहातावर मिळायची. ती मिळावी म्हणून आम्ही जीव टाकून पळायचो. आता आठवलं की माझा मलाच राग येतो.

घरावर त्यांचा फार जीव. बायको जेवल्याशिवाय जेवायचे नाहीत. पहिली पाळी करून आले की अंघोळ करून पायरीवर बसायचे आणि विद्याची वेणी घालायचे. विद्या त्यांची एकुलती मुलगी. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, मधला भांग फुटपट्टीने आखल्यासारखा सरळ. येणारे-जाणारे बाप बघून हसायचे. सर म्हणायचे, "हसा. तुमच्या पोरींना कधी विचारा, बापाच्या हाताची वेणी कशी असते ते." मग आमच्या आया आमच्या बापांना तेवढ्यावरून टोमणे मारायच्या. आमचे आबा वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी. दिवसभर पाठीवर गोणी. ते म्हणायचे, "माझ्या हातात वेनी आली तर तुटल."

नेरूळ तेव्हा निम्मं रिकामं होतं. आमच्या बैठ्या घरांच्या ओळींमागे खाडीकडे भराव टाकलेली जागा होती. तिथे रानटी गवत आणि बांधकामाचं डेब्रिज. सरांनी सुट्टीच्या दिवशी एकेक दगड उचलून ती साफ केली, कुठून तरी लाल माती आणून पसरली, दोन लाकडी खांब पुरले आणि मुलींचा खो-खो सुरू केला. मुलांचा नाही, मुलींचा. ते घरोघर फिरले. आमच्याकडे आले तेव्हा मी लहान होते, पण मला आठवतंय. आबा म्हणाले, "पोरीस्नी चारचौघांत तंगड्या टाकत पळायचं?" सर म्हणाले, "माझी विद्या पळते. तुमची मंगल तिच्या शेजारी बसेल. विद्याला जे होईल ते मंगलला होईल. बोला."

विद्याला जे होईल ते मंगलला होईल. आबांनी या शब्दावर आक्काला पाठवलं.

आक्का पळायची कशी, हे मला सांगता येणार नाही. समोरून पळणारी मुलगी आता सुटली असं वाटायचं, आणि आक्का सूर मारून मातीत आडवी झालेली असायची आणि तिची बोटं त्या मुलीच्या टाचेला लागलेली असायची. सर मोठ्याने हसायचे. "काय गो मंगल, मांजर खाल्लंस की काय?"

पण सरांचा जीव होता तो पळण्यापेक्षा बसण्यावर. खो-खोत पाठलाग करणाऱ्या आठ जणी एका ओळीत, एक या तोंडाची आणि एक त्या तोंडाची, अशा उकिडव्या बसतात. नववी पळते. ती मागून येऊन पाठीवर पंजा मारते आणि 'खो' म्हणते, तेव्हाच बसलेलीने उठायचं. आधी उठलं की फाउल. सरांचं वाक्य ठरलेलं: "खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही." मैदानात हे ठीकच आहे, खेळाचा नियमच आहे तो. पण सर ते सगळीकडे म्हणायचे. नळावरच्या भांडणात म्हणायचे. नोकरी सोडायला निघालेल्या पोरांना म्हणायचे. नवऱ्यावर चिडलेल्या बायकांना म्हणायचे. लोक हसून ऐकायचे आणि ऐकून परत जागेवर बसायचे.

एकदा वाशीला सामना होता. आक्का खो मिळायच्या आधी उठली. तिच्या अगदी समोरून मुलगी चालली होती, तिला राहवलं नाही. फाउल झाला आणि आम्ही हरलो. सर तिला ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सरावाला त्यांनी तिला मधल्या चौकोनात बसवलं आणि बाकीच्यांना सांगितलं, आज मंगलला खो द्यायचा नाही. सगळ्या जणी तिच्या दोन्ही अंगांनी पळत राहिल्या. आक्का खाडीकडे तोंड करून उकिडवी बसलेली, दोन्ही हात मातीला टेकलेले, उठायच्या तयारीत. प्रत्येक वेळी मागे पावलं वाजली की तिची पाठ ताठ व्हायची. पावलं पुढे निघून जायची. सराव संपला, मुली घरी गेल्या, तरी ती बसलेलीच. शेवटी विद्यानेच बापाला न विचारता जाऊन तिच्या पाठीवर थाप मारली. आक्काला उभं राहता येईना, पायांत मुंग्या आल्या होत्या. सर म्हणाले, "आता ही पोरगी कधी फाउल करणार नाही."

हा किस्सा आमच्याकडे कौतुकाने सांगतात. सत्कारातही सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लोकांना दोष तरी काय देऊ? सरांनी ज्याला हात दिला नाही असं घर आमच्या ओळीत नाही. आबांच्या पाठीवर गोण्यांची थप्पी कोसळली तेव्हा सरांनीच धावपळ करून कंपनीची ॲम्ब्युलन्स मिळवली. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात ते आबांच्या उशाशी बसून राहिले आणि डॉक्टरांशी आमच्या वतीने बोलले. आई आजही म्हणते, "मास्तर नसते तर तुमचा बाप अंथरुणातनं उठला नसता." ते खरं आहे. पण त्या दिवसापासून आमच्या घरातला प्रत्येक निर्णय सरांना विचारून व्हायला लागला. मी दहावीनंतर कुठली शाखा घ्यावी हेसुद्धा. सर म्हणाले, "आर्ट्स घेऊ दे. घरात बसून वाचता येतं."

आक्काचं स्थळही त्यांनीच आणलं. त्यांच्याच कंपनीतला मुलगा, कोपरखैरण्याला स्वतःची खोली, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. आक्का बारावीत होती. तिला पुढे शिकून खेळाची शिक्षिका व्हायचं होतं, हे सरांना तिनेच सांगितलं होतं. सर म्हणाले होते, "लग्नानंतर शीक की. कोण अडवतोय?" लग्नात सर आमच्या बाजूने पंगतीत वाढत होते. पांढरे बूट काढून, धोतर-बितर नेसून. सगळे म्हणाले, बापासारखं केलं.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर आक्का दुपारची घरी आली. हातात एक पिशवी. ओठ सुजलेला. मी शाळेतून आले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि आई तिच्यापुढे नुसतीच बसली होती. आक्का एवढंच म्हणाली, "मी जायची नाही."

आबा बाजारातून आले, बघितलं, आणि हातपाय न धुता सरांना बोलवायला गेले.

सर आले. पांढरे बूट दारात काढून ठेवले. चहा घेतला. आक्काला एकटीला काही विचारलं नाही. सगळ्यांसमोरच विचारलं, "काय गो, काय झालं?"

"मारतात."

"कशावरून?"

"कशावरूनबी. भाजीत मीठ जास्त. बोलले तर बोलली म्हणून, गप्प बसले तर गप्प बसली म्हणून."

"रोज?"

आक्का काही बोलली नाही.

"म्हणजे रोज नाही," सर म्हणाले. मग आबांकडे वळले. "मुलगा माझ्या हाताखालचा आहे. मी त्याला उद्या धरतो. त्याला बापाच्या जागी आहे मी. पण पोर आज इथे राहिली तर उद्या सगळ्या सेक्टरला कळेल. मग परत पाठवणं कठीण."

आबा म्हणाले, "मास्तर, पोर भ्यालीय. चार दिस ऱ्हाऊ द्या."

"चार दिवसांचे चार महिने होतात, आबा. मी बघितलीत अशी घरं." आणि मग ते आक्काकडे बघून हसले, मैदानावर हसायचे तसेच. "मंगल, कॅप्टन ना तू? खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. विसरलीस?"

आक्का त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठली, पिशवी घेतली. तिने आईकडे बघितलं, आबांकडे बघितलं. दोघांनी खाली बघितलं. सर तिला स्वतःच्या स्कूटरवर बसवून कोपरखैरण्याला सोडून आले. दुसऱ्या दिवशी नळावर बायका म्हणत होत्या, "पाटकर होते म्हणून मोडता मोडता राहिलं घर."

सरांनी दाजींना धरलं असेल. दाजी काही दिवस नीट वागलेही असतील. मला माहीत नाही. पावसाळा सुरू होता होता आक्का परत आली, ती कोपरखैरण्याच्या शेजारणीबरोबर दवाखान्यातून. कानशिलात बसली होती. कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. या वेळी आबा सरांकडे गेले नाहीत. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "कुनी आलं तर मी घरात न्हाय म्हनून सांगा." सर आले होते. पायरीवर उभे राहून त्यांनी एक हाक मारली. आतून कुणी बोललं नाही, तसे गेले.

आक्का तेव्हापासून आमच्याकडेच आहे. औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. मैदानावर एकदाच गेली होती, गंमत म्हणून. मुलींनी आग्रह करून चौकोनात बसवलं. मागून डाव्या बाजूने मुलगी आली, थाप नुसती ओझरती लागली, 'खो' म्हणाली. आक्का बसूनच राहिली. मुलींना वाटलं, चेष्टा करते. त्या हसल्या. आक्काही हसली. पुन्हा गेली नाही.

इथपर्यंत मी सरांचा तिरस्कार करत नव्हते. खरंच. मला वाटायचं, जुन्या विचारांचं माणूस, त्यांना वाटलं ते त्यांनी केलं. स्वतःच्या मुलीला असं झालं असतं तरी ते असंच वागले असते.

मग विद्याताई परत आली.

तिला खांदेश्वरकडे दिली होती. नवीन फ्लॅट, चांगली माणसं म्हणायचे. तिला मारत नव्हते, सासू घालूनपाडून बोलायची आणि माहेरी फोन करू द्यायची नाही, असं ऐकलं. खरं-खोटं मला माहीत नाही. आणि मार खाल्ल्याशिवाय बाईने परत येऊ नये, असं मी कशी म्हणेन? ती आली हे बरंच झालं. पण मी दूध आणायला चालले होते, आणि सर पायरीवर बसले होते, आणि लग्न झालेली विद्याताई त्यांच्यापुढे खालच्या पायरीवर बसली होती आणि सर तिची वेणी घालत होते. तीच घट्ट वेणी. शेजारच्या काकू विचारत होत्या, "किती दिवस राहणार पोर?" सर म्हणाले, "माझी पोरगी आहे ती. तिला कुणी विचारायचं नाही." दुसऱ्या दिवशी ते भरदुपारी टेम्पो घेऊन गेले आणि तिचं कपाट, शिलाई मशीन, सगळं घेऊन आले. सेक्टरमधले लोक म्हणाले, "बाप असावा तर असा."

मी घरी येऊन आक्काला सांगितलं. मला वाटलं ती रडेल, चिडेल. ती पीठ मळत होती. म्हणाली, "बरं केलं त्यांनी. विद्या लै हळवी हाय."

मला तसं बरं म्हणता येईना. मी मैदानावर गेले. सर लहान मुलींना ओळीत बसवत होते. कॉलेजचं माझं पहिलं वर्ष होतं, आणि मोठ्या माणसांशी मी कधी असं बोलले नव्हते. मी म्हटलं, "सर, विद्याताईला खो कुणी दिला?"

त्यांना कळलं. चेहऱ्यावरून कळलं की कळलंय. शिट्टी तोंडात होती, ती त्यांनी काढली. "कॉलेजात जाऊन जीभ चालायला लागली तुझी," ते म्हणाले. "घरात सांगेन हां आबांना." आणि शिट्टी फुंकली. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मला बडीशेप दिलेल्या हाताने ते रस्त्यात मला बाजूला व्हायची खूण करायचे.

सत्काराच्या आधी आमच्या घरात आठवडाभर हाच विषय. आई म्हणायची, "चारचौघांत शोभा नको. द्यायची शाल, पाया पडायचं, यायचं. तुझ्या बापाला उभं केलंय त्यांनी." मी म्हटलं, "आक्का, तू अजिबात जायचं नाहीस." ती उजवा कान माझ्याकडे करून म्हणाली, "मी जानार. त्यांनी एकदा माझ्याशी बोलावं, बास."

"काय बोलावं?"

"ते त्यांना ठावं. मी कशाला सांगू?"

मैदानातच मांडव घातला होता. संध्याकाळची वेळ, खाडीवरून वारा. सरांच्या जुन्या टीमच्या मुलींना पहिल्या रांगेत बसवलं होतं. आक्काने इस्त्रीची साडी नेसली होती. मी तिच्या उजव्या हाताला बसले, म्हणजे तिला काही सांगायचं तर ऐकू यावं. स्टेजवर सर, त्यांची बायको, विद्याताई. बूट खडूने पांढरे केलेले. माझं पान वाचून झालं. खांब, लाल माती, आबांची ॲम्ब्युलन्स. लोकांनी खरंच डोळे पुसले.

मग माइकवरून म्हणाले, "आता सरांच्या टीमची पहिली कॅप्टन, मंगलताई, सरांना शाल-श्रीफळ देतील."

आक्का उठली नाही.

त्यांना वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा पुकारलं, जोरात. मागून बायकांनी तिला ढोसलं. "अगं मंगल, तुला बोलावतायत." आक्काने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते, पाठ ताठ केली होती, आणि ती समोर बघत होती. ही बसायची पद्धत मी ओळखली. सगळ्या जुन्या मुलींनी ओळखली. आमच्या रांगेत कुणी हलेना.

सरांनीही ओळखली असणार. ते स्टेजवरून खाली उतरले. ते रांगेच्या मागून आले आणि आक्काच्या मागे उभे राहिले. त्यांचा उजवा पंजा उघडा होता. तो तिच्या पाठीपर्यंत आला आणि तिथेच थांबला, टेकला नाही. मग ते वाकले आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. माइकवाल्याने त्याच वेळी 'सरांचं मन बघा किती मोठं' असं काहीतरी सुरू केलं होतं, त्यामुळे मला शब्द ऐकू आले नाहीत. मग ते सरळ झाले, बडीशेपेच्या खिशावर हात ठेवला, काढला, आणि मान खाली घालून परत स्टेजकडे गेले. विद्याताईने हात देऊन त्यांना पायरी चढवली. शाल मग मंडळाच्या अध्यक्षांनी घातली.

सरांना मी शेवटचं बघितलं ते तिथे.

घरी येताना माझा राग जरा उतरला होता. वाटलं, बोलले तरी. शेवटी का होईना, उतरून आले, तिच्यापाशी आले, बोलले. मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन विचारलं, "काय म्हणाले गं सर?"

तिने पदर डोक्यावरून मागे घेतला आणि डाव्या कानाला हात लावला.

"काय की," ती म्हणाली. "या बाजूनं बोलले."